पिंपळतळ्याच्या दगडी बाजारात फुटलेली सात मडकी

वेंगुर्ल्याहून निघताना शेजारच्या काकींनी विचारलं, "वाशिमाक? थंय काय बघूक असा?" मी काही बघायला निघालेच नव्हते. मी पुष्पाकडे निघाले होते.

पुष्पा आणि मी नर्सिंग शिकताना तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती लग्न होऊन वाशिम जिल्ह्यात गेली, मी माझ्या गावच्या दवाखान्यात लागले. ती तीनदा समुद्र बघायला येऊन गेली; माझं जाणं मात्र राहतच गेलं. आता दोघीही निवृत्त झालोय. मार्गशीर्ष लागला आणि तिचा फोन आला, "आता नाई आली त मी मेल्यावरच येशीन." मग पिशवी भरली.

जऊळका, मंगळवार

जऊळक्याच्या स्टेशनावर उतरणारे आम्ही पाचसहा जण. त्यात पुष्पानं मला ओळखलं, मी तिला नाही. स्वेटर, कानाला मफलर, आणि बोलणं पार बदललेलं. "काय वो सुमन, किती बारीक झाली तू! जेवत नाई का?" खोलीत माझ्याबरोबर शुद्ध मराठीत भांडणारी ही बाई. मी तिच्याकडे बघतच राहिले.

जीपनं पिंपळतळ्याला निघालो. आमच्याकडे वाट वळली की नजर माडाला नाहीतर डोंगराला अडते. इथे ती अडतच नाही. काळी जमीन, पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, मध्येच कापसाचं पांढरं वावर आणि वर नुसतं आभाळ. मला सुरुवातीला थोडं उघडं पडल्यासारखं झालं. वाटेत दोन ट्रॅक्टर आडवे आले. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, एक शेळी आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली. पुष्पा म्हणाली, "हे आता होळीलेच दिसतीन. निम्मं गाव असंच जाते."

संध्याकाळी तिनं पातोडी रस्सा केला. बेसनाच्या वड्या लाल तर्रीत पोहत होत्या. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं, "थोडं खोबरं नाही का गं, ओलं?"

"नारळ? तो आमी देवापुढं फोडतो," पुष्पा म्हणाली आणि माझ्या ताटात दह्याचा गोळा टाकला.

पिंपळतळा, बुधवार

गावाला नाव दिलं ते तळं चांगलंच मोठं आहे. पलीकडच्या काठावरची माणसं बोटाएवढी दिसतात. अलीकडच्या काठावर दगडी बाजार. इंग्रजांच्या काळात, कापसाला बरे दिवस होते तेव्हा तो बांधला असं म्हणतात. लांबलचक एकच दालन, दोन्ही बाजूंना दगडी कमानी, वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. मागच्या कमानींतून थेट घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. बाजार गुरुवारी भरतो, म्हणून बुधवारी आत फक्त दोन कुत्री आणि गारवा होता.

मी मान वर केली आणि हसूच आलं. छपरावर मंगळुरी कौलं! आमच्या घरावर आहेत तशीच. समुद्राकाठची माती बैलगाडीत बसून इथवर आली होती. आतून कौलांवरचे छाप दिसतात का ते बघायला मी मान वाकडी केली, पण उजेड कमी होता. "उद्या सकायी पाय," पुष्पा म्हणाली, "कमानीतून ऊन येते तवा समदं दिसते."

माझ्या हातून पुढं जे झालं, ते या कौलांपायी झालं.

गुरुवार, बाजाराचा दिवस

सकाळी नऊला गेलो तेव्हा काल रिकामं असलेलं दालन ओळखू येत नव्हतं. भाज्यांचे ढीग लावून मळेवाल्या बायका बसल्या होत्या. एका कोपऱ्यात घोंगड्या, शेजारी बांबूच्या टोपल्या आणि सुपं. तांड्यावरच्या दोन बायकांनी आरसे लावलेल्या पिशव्या दोरीवर टांगल्या होत्या, आणि वाऱ्यानं हलल्या की त्यांचे कवडसे भिंतीवर पळायचे. रशीदभाईंच्या कढईत गिलक्याची भजी फुलत होती. तळ्यातले शिंगाडे उकडून काळेभोर झालेले, पाट्यांत वाफाळत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा शिंगाडा सोलून खाल्ला. चव पिठूळ, गोडसर. तळ्यातले मासेही होते. त्यांच्याकडे बघून मी नाक मुरडलं. गोड्या पाण्याच्या माशाला आम्ही मासा म्हणत नाही. पुष्पानं मला ढोसलं, "तोंड नीट कर. तो मासेवाला पाहून राह्यला तुयाकडं."

मधल्या खांबापाशी एक साठी उलटलेली बाई बसली होती. पांढरी-लाल रंगवलेली मडकी तिनं एकावर एक रचून ठेवली होती. पाच-पाचांच्या दोन उतरंडी. चुन्याचा पांढरा हात, गेरूचे पट्टे आणि त्यावर इतकी नाजूक वेल की जवळ जाऊन बघितल्याशिवाय हातानं काढली आहे हे पटू नये.

"हे वच्छला मावशी," पुष्पानं सांगितलं. "लगनाचे मडके हायेत. केनवडची कांताबाई हाये, तिच्या पोरीचं लगन उद्या. दुपारून बायका वाजत-गाजत येतीन, मावशीची ओटी भरतीन अन् नेतीन. मांडवात मांडाले लागते."

मी मडक्यांचं मनापासून कौतुक केलं. मग कमानीतून ऊन आलं आणि वर कौलांवरचे छाप उजळले. मी मडक्यांकडे पाठ फिरवून मोबाइल काढला. सगळं छप्पर एका फोटोत मावेना, म्हणून एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक.

टाच कशाला तरी लागली. कोणी तरी ओरडलं, "अवं, मांगं पाय!" आणि मी पाठीवर पडले. पाठीखाली आवाज झाला तो मी विसरणार नाही. मातीचं भांडं फुटतं तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. पण लागोपाठ सात फुटली.

उठून बसले तर वच्छला मावशी शेजारी वाकलेली. पडणाऱ्या उतरंडीला धरायला तिनं हात घातला होता आणि खापरीनं तिचा उजवा तळवा आडवा कापला होता. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. तिचं लक्ष हाताकडे नव्हतंच. ती मडकी मोजत होती.

"तीन राह्यले," ती म्हणाली.

मी आणि पुष्पानं चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. हात वर धरला, दाबला, धुतला. पुष्पाचं घर जवळच, तिनं पट्टीचं सामान आणलं. जखम खोल नव्हती, टाके लागणार नव्हते; पण त्या हातात दोन-तीन दिवस कुंचला धरता येणार नव्हता. मी माफी मागत होते. किती वेळा मागितली कोण जाणे. मावशीनं शेवटी डाव्या हातानं माझं तोंड बंद केलं.

"रडू नको वो. मडकं फुटासाठीच रायते. पण हे लगनाचे हायेत ना. हे फुटाले नोते पायजे."

तोवर भोवती सगळा बाजार जमला होता. मडक्यांच्या समोर दही विकायला बसणाऱ्या गोदाबाई कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या. "फुटल्याचं कोनी तोंडातून काढाचं नाई," त्यांनी बजावलं. "लगनघर हाये." सगळ्यांनी माना हलवल्या. रशीदभाईंनी खापऱ्या पोत्यात भरल्या आणि दालनाच्या पार मागे नेऊन टाकल्या.

मडकी आणायची कुठून? मावशीचा मुलगा आणि सून वीटभट्टीवर गेलेले. चाक तोच चालवतो. पण घरी आव्यातून भाजून काढलेली, न रंगवलेली थोडी मडकी होती. घर तळ्याच्या पलीकडे. रस्त्यानं जायचं तर तळ्याला पूर्ण वळसा. मासे विकणारा सखाराम म्हणाला, "होडीतून नेतो ना मी. कायले फिरता?" ज्याच्या माशांना मी नाक मुरडलं होतं, तोच हा.

पुष्पा बाजारात थांबून चुना-गेरूच्या तयारीला लागली. मी आणि मावशी होडीत बसलो. होडीत पाय ठेवताना मात्र मला तास-दीड तासात पहिल्यांदा बरं वाटलं. एवढी एक गोष्ट मला येते. शिंगाड्याचे वेल बाजूला सारत सखाराम लांब बांबूनं होडी रेटत होता. पाणी हिरवट, शांत. मावशी पट्टी बांधलेला हात छातीशी धरून बसली होती.

"आपण त्यांना खरं सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं.

मावशीनं डाव्या हातानं एक वेल बाजूला सारला. "काई होत नाई. मडक्यानं कोनाचं काय होते? पण लोकं बोलतेत ना. उद्या त्या पोरीले सासरी कायी झालं, ताप जरी आला, त म्हनतीन, लगनाचे मडके फुटले होते. जल्मभर तिच्या मांगं लागते ते." मग म्हणाली, "अन् मायी सासू, तिची सासू, समद्यायनं त्यायच्या घरचे मडके रंगवले. आजलोक कोनी नाव नाई ठेवलं."

तिच्या घरासमोर राखेत सात मडकी पालथी घातलेली होती. ती एकेका मडक्यावर टिचकी मारी आणि कान देई. सहा खणखणली. सातव्याचा आवाज बद्द आला. तिनं ते बाजूला ठेवलं, दुसऱ्यांदा टिचकी मारूनही बघितली नाही. परत येताना मी दोन मडकी मांडीवर घेऊन, श्वास रोखून बसले होते. सखाराम हसत होता, "ताई, बुडलो त मडके सोडजा बरं, होडी धरजा."

एक कमी होतं. बाजारात पोचलो तेव्हा गोदाबाईंनी काही न विचारता आपल्या पाटीखालून एक कोरं मडकं काढून पुढे ठेवलं. दही लावायला मावशीकडूनच घेतलेलं, अजून पाणीही न लागलेलं.

आता रंगवायचं. पुष्पाचे हात कापतात, वर्षभरापासून. म्हणून काम माझ्यावर आलं. चुन्याचा हात देऊन मडकी घाटाच्या पायरीवर उन्हात ठेवली. ऊन चांगलं होतं, लवकर वाळली. गेरूचे पट्टे जमले. आमच्याकडे तुळशीचं वृंदावन रंगवतात, ती सवय कामाला आली. मग वेल. मावशी शेजारी बसून सांगत होती, इथून वर घे, इथं वळव, इथं पान. मी जीव एकवटून पहिली वेल काढली आणि तिच्याकडे बघितलं.

"हे वेल नोय," ती म्हणाली. "हे गांडूळ हाये."

दिवसभरात पहिल्यांदा ती हसली, मग मीही हसले, आणि मागे रशीदभाई. त्यांनी भज्यांची पुडी आणून ठेवली. मी ती तशीच बाजूला ठेवली. मावशीनंही हात लावला नाही. चार वाजेपर्यंत सातही मडकी झाली. माझी सात आणि तिची तीन अशी रचली, तिची दिसतील अशी पुढे. पण लपण्यासारखं नव्हतंच ते. तिची वेल चढत होती, माझी धडपडत होती.

डफड्याचा आवाज आला. दहा-बारा बायका, नव्या साड्या, पुढे कांताबाई, हातात ओटीचं ताट. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, चालण्यात घाई. सगळ्या आत आल्या. एक तेवढी आत आली नाही. तिशीची असेल, साधी निळी साडी, हातात बाकीच्यांच्या पिशव्या. ती मागच्या कमानीत, पायऱ्यांपाशी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

कांताबाई मडक्यांपुढे उभ्या राहिल्या. डफडं वाजतच होतं. त्यांनी एक मडकं फिरवून बघितलं, मग दुसरं.

"मावशी, हा तुमचा हात नोय."

मावशीनं पट्टीचा हात पदराखाली घेतला.

"अन् हे हाताले काय झालं?"

"इळा लागला तिले," गोदाबाई पटकन म्हणाल्या.

"मंग सांगाचं होतं ना. दुसरीकडून आनले असते." कांताबाईंच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटत होतं, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुमच्या घरचं काम असं कधी नोतं, मावशी. मी आईपासून पाहून राह्यली."

वच्छला मावशीनं मान खाली घातली. जिच्या घरच्या कामाला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं, ती बाई माझ्या गांडुळांसाठी मान खाली घालून उभी होती. पुष्पानं माझं कोपर धरलं. मी आता बोलणार हे तिला कळलं होतं.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मी फोटो काढताना मडक्यांवर पडले. मावशीनं रंगवलेली सात माझ्याखाली फुटली. तिचा हात त्यातच कापला. ही सात मी रंगवलीत. तिनं काही चुकवलेलं नाही."

डफडं थांबलं. गोदाबाईंनी कपाळावर हात मारला. एक म्हातारी बाई "माय वो माय" म्हणत दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, आपण हे फक्त स्वतःच्या मनाला बरं वाटावं म्हणून बोललो का? त्या पोरीच्या मागं काय लावून ठेवलं आपण?

कांताबाईंनी बाजारभर नजर फिरवली. "समद्यायले माईत होतं?"

रशीदभाई कढईकडे वळले.

"सात फुटले?"

"सात," मी म्हणाले.

त्या खांबाला टेकून खाली बसल्या. ओटीचं ताट मांडीवर. त्यांनी ताटातला खण सारखा केला. मग हळूच बोलायला लागल्या, कोणाशी ते कळत नव्हतं.

"थोरल्या रंजीच्या लगनाले मी स्वतः मोजून नेले होते. एकेकाले टिचकी मारून. वाटंत कोनाले हात नाई लावू देल्ला. एकाचा टवका नाई गेला, एकाचा." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अन् दोन वर्सात मायी पोरगी मारल्याचे वळ घेऊन घरी आली. तवा कोनी नाई म्हनलं का मडके त धड होते म्हनून."

मागच्या कमानीतली निळी साडी हलली. मला तेव्हा कळलं ती कोण.

कांताबाई उठल्या. पहिल्यांदा मावशीपुढे गेल्या, ओटी भरली, ओटीत हिरवी साडी ठेवली आणि पट्टी बांधलेला हात स्वतःच्या कपाळाला लावला. मग वळून मोठ्यानं हाक मारली, "रंजे! ये अठी. पयलं मडकं तू उचल."

"मी नाई आई. काकू उचलन," तिकडून आवाज आला.

"अवं कांते, तिले कायले?" मघाची म्हातारी पुढे आली. "सवाष्नीचं काम हाये ते. नवऱ्यानं टाकलेली पोरगी..."

"टाकली नाई तिले कोनी. मी आनली तिले घरी," कांताबाई म्हणाल्या. "बहिणीचं लगन हाये तिच्या. तेच उचलन. नाईतर मडके अठीच राहू द्या."

म्हातारी काही तरी पुटपुटली, पण बाजूला झाली. रंजना पिशव्या पायरीवर ठेवून आली. तिनं कोणाकडेही बघितलं नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून वाकली आणि मी तिला मडकं उचलून द्यायला पुढे झाले. मडकं आमच्या दोघींच्या हातात असताना तिनं त्यावरची वेल बघितली.

"हे तुमी काढली?"

"हो."

"लयच वाकडी हाये," ती म्हणाली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलला.

डफडं पुन्हा सुरू झालं. पुढे रंजना, मागे बाकीच्या. घाटाच्या कडेनं, पाण्याच्या बाजूनं त्या गेल्या. कांताबाई शेवटी होत्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या या. खरं सांगतलं म्हनून बोलावून राह्यली."

बाजार पुन्हा आपल्या कामाला लागला. भावाची घासाघीस सुरू झाली. गोदाबाई माझ्याशी थोडा वेळ बोलल्या नाहीत, मग त्यांनीच वाटीभर दही पुढे केलं. वच्छला मावशीनं सकाळपासून बांधून ठेवलेली भाकर सोडली. वर अंबाडीची भाजी आणि ठेचा. उजवा हात पट्टीत, डाव्यानं तिला खाता येईना. मी भाकर कुस्करली, भाजीत कालवली आणि तिला एकेक घास देत गेले. मधेमधे स्वतःही खाल्लं. तिखटानं डोळे भरून आले, पण कुठलं पाणी तिखटाचं आणि कुठलं कशाचं हे मी बघत बसले नाही.

"साडी आनली का लगनासारखी?" तिनं विचारलं.

"नाही गं. दोन सुती आणल्यात नुसत्या."

तिनं ओटीतली हिरवी साडी काढून माझ्या मांडीवर टाकली. "हे नेस. मंग धुऊन दे मले."

मी नको म्हणाले. ती ऐकेना. पुष्पा म्हणाली, "घे वो. अठी नाई म्हनलं का राग येते."

केनवड, शुक्रवार

त्या साडीची घडी नीट मोडलेली नव्हती, त्यामुळे दिवसभर निऱ्या फुगत होत्या. मांडवात उतरंडी मांडलेल्या होत्या. कोणी तरी माझी मडकी खाली आणि मावशीची वर अशी नीट रचली होती. लांबून सगळी सारखीच दिसत होती. मावशी माझ्या शेजारी बसली आणि जवळ आलेल्या प्रत्येक बाईला पट्टी दाखवून सांगत होती, "ह्या बाईनं बांधली. समुद्राकडची हाये."

मंगलाष्टका सुरू झाल्या. कालची ती म्हातारीही आली होती, पुढेच बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि नवरीकडे बघितलं. बारीक, घाबरलेली, मुंडावळ्यांखाली सारखी डोळे मिटणारी. तिच्या मागे, मामाच्या शेजारी, आज जरीची साडी नेसून रंजना उभी होती. अक्षता पडल्या तेव्हा तिचा हात धाकटीच्या खांद्यावर होता, आणि गर्दी पांगेपर्यंत तो तिनं काढला नाही.